कागदावरची नवरी

दिवाळीच्या अंकात एका विनोदी चित्रपटावर गंभीरपणे लिहावयास बसणे म्हणजे चिवड्यातले खडे वेचून पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. त्याचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पण काही विनोद असे असतात, की हसून झाल्यावरही ते आपली पाठ सोडत नाहीत. हॉवर्ड हॉक्स ह्या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९४९ साली आलेला 'आय वॉज अ मेल वॉर ब्राइड' हा चित्रपट त्या जातीचा आहे. नावाचा सरळ अर्थ करायचा तर 'मी पुरुष असून युद्धवधू झालो होतो' असा होईल. इंग्लंडात हाच चित्रपट 'यू कान्ट स्लीप हिअर', म्हणजे 'इथे झोपता येणार नाही', ह्या नावाने दाखवला गेला. आणि मला विचाराल तर हे दुसरे नावच अधिक नेमके आहे. ते का, हे पुढे येईलच.

कथा साधी आहे. दुसरे महायुद्ध संपले आहे. पराभूत जर्मनीत दोस्त सैन्यांचा अंमल आहे. हेन्री रोशार हा फ्रेंच सैन्यातला कप्तान आणि कॅथरिन गेट्स ही अमेरिकन सैन्याच्या महिला पथकातली अधिकारी, ह्या दोघांना एका कामगिरीवर एकत्र पाठवले जाते. भिंग घडवणारा एक जर्मन कारागीर शोधून काढायचा, एवढेच काम. वाहन म्हणजे बाजूला डबा जोडलेली मोटरसायकल, आणि नियमाप्रमाणे ती चालवण्याची परवानगी फक्त कॅथरिनला. त्यामुळे शूर कप्तानसाहेब डब्यात पाय आखडून बसले आहेत आणि बाईसाहेब धुरळा उडवीत गाडी हाकीत आहेत, असा देखावा पहिल्या अर्ध्या भागात पाहावयास मिळतो. दोघे भांडतात, आणखी भांडतात, आणि सुज्ञ वाचकांनी ओळखलेच असेल, शेवटी प्रेमात पडतात.

येथवर हा चित्रपट हॉलिवूडच्या दहा चित्रपटांसारखा आहे. खरी मौज लग्नानंतर सुरू होते. लग्नही एकदा नव्हे, तीनदा लागते: जर्मन कायद्याप्रमाणे एकदा, अमेरिकन सैन्याच्या समाधानासाठी एकदा आणि फ्रेंचांच्या चर्चमध्ये एकदा. इतके होऊनही संसार सुरू होत नाही. कॅथरिनला मायदेशी परतण्याचा हुकूम येतो. परदेशी नवऱ्याला बरोबर न्यायचे तर वाट एकच असते. अमेरिकन काँग्रेसने २८ डिसेंबर १९४५ रोजी संमत केलेला कायदा, ज्याला सगळे 'वॉर ब्राइड्स ॲक्ट' म्हणत, त्याच्याखाली सैनिकाचा परदेशी जोडीदार म्हणून अर्ज करायचा. आणि मग कॅरी ग्रँटसारखा सहा फुटी गडी अर्जाच्या कागदावर नवरी होऊन बसतो. स्त्रियांच्या आजारांची आणि गरोदरपणाची चौकशी करणारे प्रश्न त्याला विचारले जातात, आणि तो मुकाट्याने उत्तरे देतो.

ह्या चित्रपटाची ओळख बहुतेक ठिकाणी 'कॅरी ग्रँटने लुगडे नेसलेला चित्रपट' अशीच करून दिली जाते. लुगडे म्हणजे अर्थातच सैनिकी स्त्रीचा गणवेश, आणि डोक्यावर घोड्याच्या शेपटीच्या केसांचा टोप. आपल्या मराठी प्रेक्षकाला पुरुषाने स्त्रीवेष घेण्याचे अप्रूप नाही. बालगंधर्वांना पाहताना पुढे पुरुष आहे ह्याचा विसर पडत असे, असे आपल्या आजी-आजोबांनी आपल्याला सांगितले आहे. अत्र्यांच्या 'मोरूची मावशी'त उलट तो विसर पडू द्यायचा नसतो. मिशा काढलेला गडी मावशी म्हणून वावरतो आणि आपण त्याच्या गुपितात सामील होऊन हसतो. मूळ इंग्रजी नाटक 'चार्लीज आन्ट' १८९२चे. म्हणजे ही युक्ती विलायतेतही जुनीच. कॅरी ग्रँट ह्या दोन्ही वाटांनी जात नाही. तो बाईसारखा चालत नाही, आवाज बारीक करीत नाही, लाजत-मुरडत नाही. तो फक्त चिडलेला, दमलेला, झोपेला आसुसलेला पुरुष आहे आणि त्याच्या अंगावर स्कर्ट आहे. मावशी लोकांना फसवण्यासाठी वेष घेते. रोशार वेष घेतो तो खरे सांगून दमल्यावर. त्याचे कागद खरे आहेत, लग्न खरे आहे, तेही तीनदा लागलेले. पण जहाजावर चढणारी 'युद्धवधू' पुरुष असू शकते हे कुणाच्या डोळ्यांना पटत नाही. मग डोळ्यांना पटेल असे रूप घेणे एवढाच उपाय उरतो. सत्य गळी उतरावे म्हणून सोंग घ्यावे लागते, हा ह्या विनोदाचा गाभा आहे, आणि तो टोपापेक्षा पुष्कळ खोल आहे.

आता ह्यातली एक बारीक गोष्ट पाहा. त्या कायद्याने नवरा आणि बायको असा भेद केलेलाच नव्हता. कायद्यातला शब्द 'परदेशी जोडीदार' असा आहे. वधू हा शब्द लोकांच्या बोलण्यातला. भेद केला तो अर्जाच्या छापील प्रश्नांनी, मुक्कामाच्या खोल्या वाटणाऱ्या कारकुनाने आणि जहाजाच्या शिडीशी उभ्या असलेल्या खलाशाने. हॉक्सने हे नेमके टिपले आहे. रोशार जिथे जाईल तिथे आपली ओळख सांगणारे एकच लांबलचक वाक्य म्हणतो, त्यात २७१ हा कायद्याचा क्रमांकसुद्धा असतो, आणि प्रत्येक वेळी ते वाक्य ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओघळून जाते. संध्येच्या मंत्रासारखे ते पाठ झालेले वाक्य पुढे पुढे त्याच्या तोंडून इतक्या थकल्या स्वरात येते, की आपले हसू ओठांवरच राहते.

ह्या सगळ्या प्रकारात खलनायक कुणीच नाही. आपल्याकडच्या लग्नाच्या नाटकांत आडवा येणारा माणूस असतो. देवलांच्या 'शारदे'त पैशाला भुललेला बाप आहे, 'संशयकल्लोळा'त संशय आहे, पण तोही कुणा माणसाच्या मनात घर करून बसलेला. ज्याच्यावर दात-ओठ खावेत असा कुणीतरी समोर असतो. हॉक्सच्या चित्रपटात प्रत्येक अधिकारी बोलायला बरा आहे, काहींना तर कीवही येते. पण 'पुरुष अधिकाऱ्यांच्या वसतिगृहात बायकोवाल्याला जागा नाही' आणि 'बायकांच्या वसतिगृहात पुरुषाला जागा नाही' ही दोन वाक्ये दोन भल्या माणसांनी उच्चारली, की मधल्या रस्त्यावर एक माणूस रात्रभर हिंडत राहतो. ह्या दारावरून त्या दारावर जाणारा, टेकायला जागा मागणारा रोशार हा मला सबंध चित्रपटातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. म्हणून म्हटले, की इंग्लंडातले नाव अधिक नेमके. स्कर्ट ही शेवटची गंमत आहे. झोप न मिळणे हा विषय आहे.

दोषांकडेही वळावयास हवे. पहिला दोष बांधणीचा. भांडणांचा पूर्वार्ध लांबला आहे. मोटरसायकलचा प्रवास, खाणावळीतल्या खोलीच्या दाराची मूठ निखळणे, रात्रभर खुर्चीत काढणे ह्यातले पुष्कळसे आटोपशीर करता आले असते. बाजूच्या डब्यात बसलेला कप्तान आणि खुर्चीतली ती रात्र ही उत्तरार्धाची सूचना आहे, हे मान्य. पण सूचना द्यायला चित्रपटाचा निम्मा वेळ लागू नये.

दुसरा दोष मला अधिक मोठा वाटतो. तो कॅथरिनच्या बाबतीतला आहे. ॲन शेरिडनने ती भूमिका खेळकरपणे, रुबाबात केली आहे. पण अर्ज कुणाच्या जोरावर चालला आहे? तिच्या. देश तिचा, नोकरी तिची, कायद्याने दिलेला हक्क तिचा. परक्या मुलखात बसून आपल्या माणसाला आपल्या घरी नेण्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते, 'तुझ्यामुळे मला हे सोसावे लागते' हे न बोललेले वाक्य ऐकताना काय होते, ह्याकडे पटकथा वळतच नाही. ती हसते, धावपळ करते, सुटते. विनोदाच्या भरात पटकथेने अर्धे लग्न पडद्याबाहेर ठेवले आहे.

तिसरी गोष्ट दोष म्हणावी की मर्यादा, हे वाचकांनीच ठरवावे. ह्या कायद्याखाली अमेरिकेत गेलेल्या बायका होत्या १,१४,६९१, आणि नवरे होते ३३३. म्हणजे हॉक्सने हसण्यासाठी निवडला तो हजारात तीनही न भरणाऱ्या नवऱ्यांपैकी एक. कथा मुळात एका बेल्जियन गृहस्थाने हेन्री रोशार ह्याच नावाने लिहिलेल्या स्वानुभवावरून घेतलेली. विरळा माणूस निवडणे हा विनोदकाराचा हक्क आहे. पण त्या लाखाच्या आकड्यातही न आलेल्यांचे काय? अमेरिकन कायद्याला ज्या वंशाचे लोक नागरिकत्वाला अपात्र वाटत, त्यांना ह्या कायद्याने आरंभी दार उघडलेच नव्हते. १९४७ साली दुरुस्ती होऊन वंशाची अट सैल झाली, तीही त्यानंतरच्या तीस दिवसांच्या आत लागलेल्या लग्नांपुरती. रोशारच्या जागी पुण्याचा कुणी जोशी असता, आणि साल १९४६चा पूर्वार्ध असता, तर त्याला स्कर्ट नेसूनही जहाजावर चढता आले नसते. त्या वर्षीच्या जुलैत भारतीयांसाठी दार किलकिले झाले, ते वर्षाला १०० माणसांपुरते.

ह्या बंद दारामागची गोष्ट आठ वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटाने सांगितली. जोशुआ लोगनचा 'सायोनारा' १९५७ साली आला. जेम्स मिचनरच्या १९५४च्या कादंबरीवरून तो बेतलेला आहे. त्यात मुख्य जोडी मार्लन ब्रँडोची. पण लक्षात राहते ती दुय्यम जोडी. केली नावाचा साधा अमेरिकन हवाई शिपाई जपानी मुलीशी लग्न करतो. त्याला मायदेशी परतण्याचा हुकूम येतो, अगदी कॅथरिनला आला तसाच. बायकोला मात्र नेता येत नाही. रोशारप्रमाणे ह्या दोघांपुढेही परतीचे जहाज, हुकूम आणि कागद आहेत. ती दोघे एकत्र मरण पत्करतात. ह्या भूमिकांसाठी रेड बटन्स आणि मियोशी उमेकी ह्या दोघांनाही ऑस्कर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. जपानी बायकांच्या वाटेतला वंशाचा अडसर कायमपणे दूर झाला तो १९५२च्या कायद्याने.

हे दोन चित्रपट लागोपाठ पाहावेत, असे मी सुचवीन. शोकांतिका आणि सुखांतिका ह्यांचा फरक पात्रांच्या स्वभावात असतो, असे आपण शाळेत शिकवतो, मीही शिकवते. येथे तसे नाही. रोशार हट्टी आणि आढ्यताखोर आहे, केली सरळ आणि प्रेमळ आहे; तरी हट्टी माणूस तरतो आणि प्रेमळ मरतो. फरक अर्जातल्या एका रकान्यात आहे. हॉक्सच्या शेवटच्या प्रसंगात रोशार जहाजावरच्या कोठडीत बायकोसह दार लावून घेतो आणि किल्ली खिडकीतून समुद्रात भिरकावतो. फार गोड शेवट आहे. पण किल्ली फेकून देण्याची चैन परवडते ती ज्याच्यासाठी पलीकडचा दरवाजा आधीच उघडलेला आहे त्यालाच, हे 'सायोनारा' पाहिल्यावर ध्यानात येते.

'हे सगळे लढाईच्या काळातले, आता त्याचे काय?' असे कुणी विचारील. त्याला माझे उत्तर असे. आमच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी परिचारिका होऊन आखातात नोकरीला गेली. तिथेच कामाला असलेल्या एका अमेरिकन नागरिकाशी तिने लग्न केले. आता दोघांना अमेरिकेत घर करायचे आहे. तिची आई एक जाडजूड फाइल घेऊन माझ्याकडे आली. लग्न खरे आहे, असे ओळखीच्या माणसांनी लिहून दिलेले पत्र जोडायचे होते. ती म्हणाली, "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. वाचणाऱ्याला खरे वाटेल असे तुम्हालाच जमेल." ह्या वाक्यावर मी अजून विचार करते आहे. त्या लग्नाच्या पंगतीत मी जेवले होते. जे पाहिले ते लिहून दिले. पण खऱ्याला खरे वाटायला लावण्याचे काम त्या माउलीने कादंबरीकाराकडे सोपवले, ह्यात रोशारच्या स्कर्टाची सगळी गोष्ट आली.

त्या फाइलमधला दुसरा पेच तर हॉक्सला आवडला असता. अर्ज करणारा नागरिक स्वतः परदेशात राहत असेल, तर आपले कायमचे घर अमेरिकेतच आहे, किंवा निदान बायकोच्या आधी वा बायकोबरोबर आपण तिथे राहावयास जाणार आहोत, हे त्याला पटवून द्यावे लागते. बँकेतले खाते, भरलेला कर, मतदार म्हणून नोंद, नोकरीचा शोध, असली चिठोरी त्यासाठी गोळा करायची. शिवाय सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचे. सैन्यातल्या माणसाला बायकोसाठी १०० टक्के पुरते. कॅथरिनच्या गणवेशाचे वजन अजून उतरलेले नाही! कॅनडाचा नागरिक परदेशातून असा अर्ज करू शकतो, मात्र जोडीदार येईल तेव्हा आपण कॅनडात राहू हे दाखवून. जो नुसता कायमचा रहिवासी आहे, त्याला बाहेर राहून ते करता येत नाही. ब्रिटनने २०१२ साली उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांची घातली आणि २०२४च्या एप्रिलात ती २९,००० वर नेली. नियमांना त्यांची कारणे असतात. खोटी लग्ने लागतात, हेही खरे. पण खोटेपणा पकडण्यासाठी विणलेल्या जाळ्यात खरी माणसे किती वेळ तडफडतात, हे कुठल्याच रकान्यात भरले जात नाही.

आणि पुरुष-नवरीचा तो विनोद? तो तर पुढे न्यायालयात उभा राहिला. ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला बायको आणणे सोपे आणि स्थायिक स्त्रीला नवरा आणणे कठीण, असा नियम होता. तीन स्त्रिया स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २८ मे १९८५ रोजी हा स्त्री-पुरुष भेद अन्यायाचा आहे असा निकाल मिळवून आल्या. सरकारने भेद मिटवला, कसा? नवऱ्यांची वाट सोपी करून नव्हे, तर बायकांचीही वाट तितकीच कठीण करून. असला प्रसंग हॉक्सच्या पटकथाकारांनी लिहिला असता तर आपण त्यांना अतिशयोक्तीचा दोष दिला असता. आपणही फार नाक वर करू नये. परदेशात जन्मलेल्या मुलाला जन्माने भारतीय नागरिकत्व मिळावयाचे तर बाप भारतीय हवा, आई असून भागत नसे, असा आपला कायदा होता. तो १९९२ साली बदलला. आपल्या कागदालाही बाई दिसायला इतकी वर्षे लागली.

'मेल वॉर ब्राइड' ही हॉक्सची सर्वोत्तम कृती आहे असे मी म्हणणार नाही. कॅरी ग्रँटबरोबरच त्याने १९३८ साली केलेला 'ब्रिंगिंग अप बेबी' अधिक चपळ आहे, १९४०चा 'हिज गर्ल फ्रायडे' अधिक धारदार. पण त्या दोहोंत जी गोष्ट नाही ती येथे आहे: सरकारी टेबलापुढे उभ्या असलेल्या विवाहित माणसाचा अवघडलेपणा. तो ह्या चित्रपटाने हसत हसत पण पुरता पकडला आहे. पूर्वार्धाचा कंटाळा सोसावा, टोपाला मनसोक्त हसावे, मुलांनाही बरोबर बसवावे. ज्यांच्या घरची लेक, सून किंवा भाचा कुठल्याशा परक्या शहरात असल्या फाइलच्या निकालाची वाट पाहत ह्या दिवाळीला घरी येऊ शकलेला नाही, त्यांना मधल्या रात्रीचा तो दारोदार हिंडणारा कप्तान ओळखीचा वाटेल. त्यांनी चित्रपट संपल्यावर तिकडे एक फोन करावा. अर्ज कुठवर आला, हे मात्र लगेच विचारू नये.